अण्णांचा दोह्यातला हिवाळा

कतारमध्ये थंडी वाजते म्हटलं की नाशिकची माणसं हसतात. पहिल्या वर्षी मीही हसले होते. ज्या देशात उन्हाळ्यात नळाला चटका देणारं पाणी येतं आणि गाडीचं हँडल रुमालाने धरावं लागतं, तिथे स्वेटर कशाला लागेल? पण डिसेंबरच्या शेवटी वायव्येकडून वारा सुटतो. त्याला इथे शमाल म्हणतात. तो सुटला की ही घरं उघडी पडतात. सगळी उन्हासाठी बांधलेली. उंच छत, गुळगुळीत गार फरशी, फटी राहिलेल्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या, आणि भिंतीवर एसी, जे फक्त गारवा ओततात, ऊब देत नाहीत. बाहेर रस्त्यावर छान ऊन असतं आणि आत माणसं पाय पोटाशी घेऊन बसलेली असतात.

आम्ही दोह्याच्या अल अझीझिया भागात राहतो. मालकाने एका मोठ्या व्हिलाचे तुकडे करून चार कुटुंबांना दिलेत, त्यातला तळमजल्याचा मागचा भाग आमचा. उत्तरेकडे तोंड. आमच्या हॉलमध्ये ऊन कधीच येत नाही. उन्हाळ्यात याच गोष्टीसाठी लोक आमचा हेवा करायचे.

आई गेली त्या वर्षी मी अण्णांना इथे आणलं. अण्णा म्हणजे माझे वडील. नाशिकला वीज खात्यात लाईनमन म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले. आई दिवाळीच्या आधी गेली. भाऊ पुण्याला, त्याचं घर लहान आणि वहिनीला दिवस गेलेले. "एक हिवाळा तरी या," मी अण्णांना म्हटलं. "नाशिकच्या थंडीतून सुटाल." असं मी खरंच म्हटलं होतं, कारण नाशिकची थंडी जास्त असते हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण नाशिकला सकाळी अंगणात ऊन असतं, चूल असते, शेजारी असतात. हे माझ्या डोक्यात आलं नाही.

अण्णा आले ते एका बॅगेत सगळं मावेल इतके थोडे कपडे घेऊन. त्यांची कानटोपी आईने विणलेली, तपकिरी, ती मात्र डोक्यावरच होती. विमानतळावर त्यांनी माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कशी आहेस गं बाई?"

"आय ॲम गुड, आजोबा," ती म्हणाली.

अण्णांना इंग्रजी कळायचं थोडंफार. त्यांनी तिला कधी मराठी बोल म्हणून टोकलं नाही. ते मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं नीट चालायचं. ती तेव्हा नववीत होती.

सुरुवातीला वाटलं, नवी जागा आहे, रुळतील. पण अण्णा दिवसेंदिवस आक्रसत गेले. स्वेटरवर स्वेटर, त्यावर माझी शाल. सोफ्याच्या एका कोपऱ्यात बसायचे आणि तळहात मांड्यांखाली दाबून धरायचे. जेवताना म्हणायचे, "पाय गार पडलेत गं. बर्फासारखे." मी हात लावून पाहिला की पाय खरंच गार असायचे. मी मोजे दिले. जाड मोजे दिले. गरम पाण्याची पिशवी दिली, ती तासाभरात कोमट होऊन पलंगावर मेल्यासारखी पडून राहायची.

मला वाटायचं, हे आईचं जाणं आहे. आई असताना त्यांना कधी थंडी वाजलेली मी पाहिली नव्हती.

हीटर आणायचं ठरलं, आणि तिथूनच वाद सुरू झाला. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. दोघंही सभ्य माणसं, जावई आणि सासरा, एकमेकांना तुम्ही म्हणणारे. माझा नवरा इथल्या गॅसच्या प्रकल्पावर इंजिनियर आहे. पहाटे कंपनीच्या बसने उत्तरेकडे जातो आणि अंधार पडता पडता परत येतो. तो म्हणाला, "बाबा, तेल भरलेला विजेचा हीटर मिळतो. चाकं असतात त्याला. हवी त्या खोलीत ढकलत न्या."

अण्णा भाकरी मोडत होते. ते थांबले.

"तुमच्याकडं गॅस जमिनीतनं निघतो ना हो?"

"समुद्राखालून. पण हो, निघतो."

"मग तो गॅस जाळून वीज करायची, ती तारेतनं घरी आणायची, आणि घरी तिची परत ऊब करायची. मधल्या मधे निम्मं वाऱ्यावर. त्यापेक्षा गॅसच जाळा की सरळ खोलीत. मी जन्म घालवलाय जावईबापू, कुठं काय गळतं ते मला विचारा."

"गळतं हे कबूल," नवरा म्हणाला. "पण तिकडे जळतो तेव्हा त्याची घाण तिकडे राहते. खोलीत जाळला तर तो खोलीतलीच हवा खाणार. शिवाय त्याचं जळून पाणी होतं. वाफ होऊन सगळ्या भिंतींवर बसतं ते."

"खिडकी किलकिली ठेवायची."

"मग ऊब बाहेर जाणार."

"थोडी जाईल. थोडी राहील."

मुलगी ताटावरून मान वर न करता म्हणाली, "यू बोथ आर राइट. कॅन वी जस्ट बाय समथिंग?"

दुसऱ्या एखाद्या घरात हा प्रश्न बिलावर सुटला असता. आमच्याकडे वीज भाड्यातच धरलेली, त्यामुळे तो मार्गच नव्हता. मग बोलणं भीतीवर आलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे दोघं आपापल्या पोटापाण्याच्याच गोष्टीला भीत होते. जन्मभर विजेत काम केलेल्या माणसाला घरात विजेचा हीटर नको होता, आणि गॅसवर पोट असलेल्या माणसाला स्वयंपाकघराबाहेर गॅस नको होता.

अण्णांचं कारण मला माहीत होतं. मी लहान असताना त्यांचा एक जोडीदार खांबावरच गेला. लाईन बंद होती, स्वतः अण्णांनी बंद केली होती. पण गावातल्या एका मंगल कार्यालयात कुणीतरी जनरेटर लावला आणि त्याची वीज उलटी तारेत आली. अण्णा खांबाच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी त्याला खाली उतरवला. आमच्या घरात त्यानंतर कुठल्याही बटणाला, मिक्सरला, फ्रिजच्या दाराला हात लावायचा तो आधी हाताच्या पाठीने. सरळ हात लावला आणि करंट असला तर मूठ आवळली जाते, सुटत नाही. आम्ही भावंडं शाळेतसुद्धा पंख्याचं बटण बोटांच्या पाठीने दाबायचो आणि मुलं आम्हाला हसायची.

दोह्यात आल्या आल्या त्यांनी आमच्या घराचं वायरिंग पाहून घेतलं होतं. वरच्या मजल्यावरच्यांनी गीझर लावला की आमचे दिवे किंचित मंद होतात हे त्यांनी मला दाखवलं. तोवर ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. "हे घर एका कुटुंबासाठी बांधलंय," ते म्हणाले, "आणि ओढतायत चौघं. त्यात हीटर लावायचा? प्लग जळेल भडव्याचा."

नवऱ्याचं कारण मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं ते नुसतं इंजिनियरचं शहाणपण आहे.

एका शुक्रवारी आम्ही अण्णांना फिरवायला अल रुवैसला नेलं. बंदर छोटंसं, मासेमारीच्या होड्या, जाळी वाळत घातलेली. वाटलं होतं समुद्र पाहून त्यांना बरं वाटेल. वारा इतका होता की ते गाडीतून उतरलेच नाहीत. काच वर करून, कानटोपी भुवयांपर्यंत ओढून आतूनच होड्या पाहत बसले. परतताना पूर्वेला क्षितिजावर नवऱ्याच्या प्रकल्पाची ज्योत दिसली. नको असलेला गॅस उंच नळीच्या तोंडाशी जाळून टाकतात, ती. संध्याकाळच्या राखाडी आभाळात ती नारिंगी दिसत होती.

"ते काय जळतंय?" अण्णांनी विचारलं. नवऱ्याने सांगितलं.

अण्णा बराच वेळ तिकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "एवढा जाळ. आणि इथं माझे पाय गार." आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात मी गॅसचा हीटर आणला. विकत नाही, मागून. मी भारतीय मुलांच्या शाळेत शिकवते. तिथली माझी एक सहकारी नवऱ्याबरोबर हिवाळ्यात वाळवंटात तंबू ठोकायला जाते, तिच्याकडे होता. लहान कपाटासारखा, मागे सिलिंडर ठेवायची जागा, पुढे जाळीच्या तीन पट्ट्या. नवरा घरी नसताना मी तो हॉलमध्ये लावला आणि खिडकी चार बोटं उघडी ठेवली. आधी निळी ज्योत फुरफुरली आणि मग पट्ट्या हळूहळू लाल झाल्या.

अण्णा इतके खूश झालेले मी ते आल्यापासून पाहिले नव्हते. ते खुर्ची ओढून समोर बसले, तळहात पुढे केले, आणि बोलायला लागले. शिशिरातले हुरड्याचे दिवस, त्यांच्या मामाचं शेत, आईला पहिल्यांदा पाहायला गेले तेव्हा तिथे शेगडीवर कसा चहा उकळत होता आणि घाबरून तिने त्यात साखरच घातली नव्हती. मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकून त्यांच्या पायाशी बसली. मी शेंगदाणे भाजून आणले. आम्ही तिघं त्या लाल उजेडात बसून शेंगदाणे खात होतो आणि मला वाटलं, सुटला प्रश्न.

"ऊब दिसली पाहिजे बघ," अण्णा म्हणाले. "विजेची ऊब आंधळी असते."

संध्याकाळ झाली तेव्हा खिडकीच्या काचांवरून पाणी ओघळत होतं. वारा वाढला म्हणून कुणीतरी खिडकी लोटली होती. अण्णांनी लोटली की मुलीने, मी विचारलं नाही. मुलगी म्हणाली तिचं डोकं दुखतंय. मला वाटलं अभ्यासाने. अण्णा खुर्चीत पेंगत होते.

नवरा दार उघडून आत आला, दारातच थांबला, आणि सरळ जाऊन हीटरची कळ बंद केली. मग सगळ्या खिडक्या उघडल्या. थंड वारा भसकन आत आला.

"अहो, अण्णांना..." मी म्हणाले.

"बाहेर ने त्यांना. आधी बाहेर ने."

आम्ही सगळे मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीपाशी उभे राहिलो, अण्णा शाल गुंडाळून थरथरत होते. तिथे, आमच्याकडे न बघता, नवऱ्याने सांगितलं. त्याच्या प्रकल्पावर बस चालवणारा एक ड्रायव्हर होता, बीडकडचा. आधीच्या हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी तो दोघा मित्रांबरोबर वाळवंटात गेला. वारा लागतो म्हणून त्यांनी तंबू सगळीकडून बंद केला आणि आत शेगडी ठेवली. तिघंही उठले नाहीत. गावाकडे सांगायचं कुणी, तर मराठी बोलणारा म्हणून माझ्या नवऱ्याला बसवलं होतं फोनवर. पलीकडे ड्रायव्हरची बायको होती. ती एकच विचारत राहिली, आग लागली का? नवरा सांगत होता, नाही वहिनी, आग नाही लागली. मग कसे गेले? तिला ते शेवटपर्यंत कळलं नाही. "चेहरा झोपल्यासारखा होता," तो म्हणाला. "गाल लाल. कुणी म्हणेल, छान ऊब लागलीये."

हे त्याने मला सांगितलं नव्हतं. एक वर्ष तो हे घेऊन त्याच बसमध्ये, नव्या ड्रायव्हरच्या मागे बसून जात-येत होता.

अण्णांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला. "आणा तुमचा विजेचा," ते म्हणाले. "पण प्लगचं मी बघीन."

आणि त्यांनी बघितलं. नातूर, म्हणजे आमच्या इमारतीचा राखणदार, त्याच्याकडून त्यांनी इलेक्ट्रिशियन बोलावून घेतला. हिंदीत, मध्येच मराठीत, त्याच्याकडून हॉलच्या सॉकेटला थेट फ्यूजच्या डब्यापासून नवी जाड वायर ओढून घेतली. तो कंटाळून "खलास, चाचा, खलास" म्हणत होता आणि अण्णा त्याला स्क्रू पुन्हा आवळायला लावत होते. त्या दिवशी त्यांच्या चालण्यात जुना फोरमन दिसला. हीटर सुरू केल्यावर ते दर थोड्या वेळाने उठून प्लगला हाताची पाठ लावून बघायचे. प्लग गार राहिला.

मग ते त्या हीटरला सरावले. सरावले म्हणजे त्याच्याशिवाय बसेनात. जानेवारीत वाऱ्याचा जोर वाढला, आभाळ धुळकट झालं, सूर्य दुपारीसुद्धा पिठाच्या गोळ्यासारखा दिसायचा. सकाळी आम्ही सगळे बाहेर पडायचो. अण्णा एकटे घरी, समोर तो पांढरा हीटर. आवाज नाही, ज्योत नाही, धूर नाही. नवरा निश्चिंत होता. मी निश्चिंत होते. मी शाळेतून फोन केला की ते म्हणायचे, "बसलोय शेकत. तू तुझं काम कर."

अण्णांना साखर होती. बरीच वर्षं. गोळ्या चालू होत्या, गोड सोडलं होतं, चहा बिनसाखरेचा. साखरेने पायांची जाणीव जाते हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. आतल्या नसा हळूहळू मरत जातात, रक्त नीट पोचत नाही, आणि माणसाला सारखं वाटतं की पाय गार पडलेत. ते मला हॉस्पिटलात समजलं. अण्णा आल्यापासून जी थंडी सांगत होते ती हवेतली नव्हतीच.

त्या दुपारी मुलगी माझ्या आधी घरी आली. अण्णा खुर्चीत झोपले होते आणि त्यांचे दोन्ही पाय मोज्यांसकट हीटरच्या पात्यांना टेकलेले होते. तिने त्यांना उठवलं. ते चांगले जागे झाले, हसले, खायला काय आहे विचारलं. तिला मोज्याचा रंग वेगळा दिसला. ओला. तिने खाली बसून मोजा काढायला घेतला आणि मोज्याबरोबर कातडी आली.

तिने मला शाळेत फोन केला. "ममा, आजोबाज फीट आर बर्न्ट," ती म्हणाली, अगदी हळू, "अँड ही इज आस्किंग मी व्हाय आय ॲम क्राइंग."

हॉस्पिटल चांगलं होतं, डॉक्टर चांगले होते, हे मला सांगायला हवं. त्यांनी जे करता येईल ते केलं. एक मल्याळी नर्स होती, तिने अण्णांना डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनच्या एका बारीक, ताठ दोऱ्याने पायाला ठिकठिकाणी टोचलं. "लगा तो हाँ बोलो, अप्पा." अण्णा डोळे मिटून वाट पाहत राहिले. घोट्यापाशी आल्यावर पहिल्यांदा "हाँ" म्हणाले. डोळे उघडून त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आणि मग माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं की ती आधीही टोचत होती.

उजव्या पायाची जखम भरेना. काळी पडायला लागली. दोन बोटं काढली, मग तिसरं. वॉर्डातला एसी इतका गार होता की मीच कुडकुडायचे. अण्णा नर्सला म्हणायचे, "बहनजी, वो बंद करो ना." ते बंद करता येण्यातलं नव्हतं, सगळ्या इमारतीचा एकच होता. तिने त्यांना जादा ब्लँकेट दिलं आणि ते पायांवर येऊ नये म्हणून पायापाशी एक लोखंडी चौकट ठेवली.

नवरा रोज संध्याकाळी बसमधून उतरून थेट तिथे यायचा. अण्णांच्या उशाशी बसायचा. एके दिवशी अण्णाच म्हणाले, "जावईबापू, तोंड असं पाडून बसू नका. तुमचा हीटर काही वाईट नव्हता. त्यानं कुणाला झटका दिला नाही, कुणाचा श्वास कोंडला नाही. माझेच पाय आधी गेले होते, मला पत्ता नव्हता."

"मी सांगायला हवं होतं लांब बसा म्हणून," नवरा म्हणाला.

"आणि मी ऐकलं असतं? गार वाटायचं हो मला. लांब बसून कसं चाललं असतं?"

नवरा उठून बाहेर कॉरिडॉरमध्ये गेला. मी मागोमाग गेले नाही. आमच्यात तेव्हापासून एक जागा अशी झाली आहे जिथे दोघंही जात नाही. त्याने घरी येऊन तो हीटर कुणाला दिला की टाकला, मला माहीत नाही. एक दिवस तो हॉलमध्ये नव्हता एवढंच. नवं जाड वायरिंग असलेल्या सॉकेटवर आता टीव्ही चालतो.

भाऊ पुण्याहून न्यायला आला. अण्णांना व्हीलचेअरवर बसवलं, उजवा पाय पट्ट्यांमध्ये गुंडाळून पुढे सरळ केलेला. विमानतळावर त्यांनी नातीला जवळ बोलावलं. "तू वेळेवर आलीस हां," ते तिला म्हणाले. "नाहीतर सगळा पाय गेला असता." हे खरं होतं की तिला बरं वाटावं म्हणून होतं, कोण जाणे. तिने मान हलवली. काहीच बोलली नाही, इंग्रजीतसुद्धा नाही.

पुण्यात पुन्हा ऑपरेशन झालं. पाय गुडघ्याखालून काढला. दरम्यान वहिनी बाळंत झाली, मुलगा झाला, आणि त्या लहानशा घरात एका खोलीत बाळंतीण आणि दुसऱ्या खोलीत अण्णा. भाऊ म्हणायचा, एकाच खोलीत शेक चाललाय. वहिनीच्या खोलीत शेगडी, ओव्याची धुरी. अण्णांजवळ मात्र त्यांनी कसलीच ऊब ठेवली नाही, डॉक्टरांनीच बजावलं होतं. फक्त पांघरुणं.

मी रोज फोन करायचे. एप्रिलमध्ये पुणं तापलं होतं, भाऊ सांगायचा की दुपारी घरात बसवत नाही, पंखा गरम हवा फेकतो. अण्णा फोनवर म्हणायचे, "ऊन फार आहे म्हणतात बाहेर. मला काही कळत नाही बाई. तुझ्याकडं काय?" मी म्हणायचे, इकडे पण उन्हाळा सुरू झाला, एसी लावलेत. "लावा लावा," ते म्हणायचे. एकदा त्यांनी विचारलं, "ती ज्योत अजून जळते का?" मी म्हटलं, जळते. त्यांना बरं वाटलं असावं, किंवा नुसतं बोलायचं म्हणून विचारलं असावं.

ते वैशाखात गेले. जखमेचं विष रक्तात गेलं होतं. मी पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. उन्हामुळे थांबता येईना, असं भाऊ म्हणाला, आणि त्यात त्याची चूक नव्हती. वहिनी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने सांगितलं की शेवटच्या दुपारी अण्णांनी पंखा बंद करायला लावला होता आणि घामाने भिजलेला भाऊ त्यांच्यापाशी बसून राहिला होता. मी अण्णांच्या पलंगावर बसले. गादी उन्हाने तापलेली होती.

परत आले ती बरेच दिवस थकल्यासारखी राहिले. नवऱ्याने हट्टाने रक्त तपासायला नेलं आणि साखर निघाली. डॉक्टर म्हणाल्या, वडिलांना होती म्हणजे अपेक्षितच होतं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, चालायला सांगितलं, पायांची काळजी घ्यायला सांगितली. मी घरी येऊन हे जेवणाच्या टेबलावर सांगितलं. नवऱ्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

या हिवाळ्यात आमच्या घरात ना गॅसचा हीटर ना विजेचा. खिडक्यांच्या फटी नवऱ्याने टेप लावून बंद केल्या, फरशीवर जाड गालिचा अंथरला. तरी शमाल सुटला की गारठा येतोच, आणि आम्ही तिघं तिन्हीसांजेला स्वेटर घालून, आपापलं काम घेऊन हॉलमध्ये बसतो. कुणी थंडीबद्दल बोलत नाही.

अभ्यासाला बसण्याआधी मुलगी माझ्यासमोर खाली बसते. माझे मोजे काढते. तिने कुठूनतरी नायलॉनचा तसा दोरा मिळवलाय.

"क्लोज युअर आइज," ती म्हणते.

मी डोळे मिटते. पहिल्यांदा अंगठा, मग दुसरं बोट, मग टाच. मी हो म्हणत जाते. ती घाई करत नाही. कधी कधी मध्ये बराच वेळ काहीच होत नाही, आणि ती टोचत नाहीये की मला लागत नाहीये हे मला कळत नाही. मग मी डोळे न उघडता तिला विचारते, "लावलास का गं?"

"नॉट येट, ममा," ती म्हणते. "वेट."